देवळाखालचा साकव

त्या निवडणुकीत मला मत नव्हतं. तेव्हा एकविसावं सरल्याशिवाय मत मिळत नसे आणि मी त्याच्या थोडी अलीकडे होते. पोलादपूरला बारावी करून घरी बसले होते. शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला नंबर लागतो का याची वाट बघायची, आईबरोबर रानात जायचं, संध्याकाळी ओट्यावर तांदूळ निवडायचे, एवढंच. आमचं गाव कापडे गावाच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. गावाखाली वहाळ आणि वहाळापलीकडे बहुतेकांची भातशेती. पावसाळ्याचे चार महिने त्या पाण्याचा आवाज घरात माणसासारखा राहायला असे. त्यामुळे आम्हा सगळ्यांना मोठ्यानं बोलायची सवय लागली, ती माझी अजून गेलेली नाही. वर्गात मी साधं काही सांगितलं तरी मुलांना वाटायचं बाई रागावल्या.

घरात दोन भाऊ एकत्र. थोरले तात्या, माझे चुलते. गावकीचे पुढारी. कुणाच्या बांधाचं भांडण असो की पालखीचा मान, तात्यांचा शब्द शेवटचा. धाकटे आप्पा, माझे वडील. ते तात्यांच्या उलट. कमी बोलायचे, पण एकदा नाही म्हटलं की वाकायचे नाहीत. काकू लवकर गेल्या होत्या, त्यामुळे दोन्ही भावांचं जेवणखाण आईच्याच हाती होतं. आईला मी कधी स्वस्थ बसलेली पाहिली नाही. जेवतानाही ती एक पाय उभा ठेवून बसायची, जणू मध्येच उठावं लागणार. नाचणीची भाकरी थापता थापता ती स्वतःशी पुटपुटत राही; रागावलेली असली तर भाकऱ्या जाड व्हायच्या. तात्यांशी ती समोरून बोलत नसे. थोरला दीर, म्हणून डोईवर पदर घेऊन दाराआडून, भिंतीला सांगावं तसं सांगायची.

गावाच्या वरच्या अंगाला, वहाळाच्या पलीकडे एक वाडी होती. माणसं आमच्याच भावकीतली, कधीकाळी वर जाऊन राहिलेली. वाडीला यायजायला वहाळ ओलांडायची एकच जागा, आंब्याचा उतार. तिथं पात्र अरुंद आणि पाणी जोराचं. पावसात वाडी आठआठ दिवस तुटायची. आम्हाला शेतावर जायला देवळाखालचा उतार होता. तिथं पाणी पसरट, दगडावर पाय देत माणूस जाई. अगदीच पूर आला तर एखादा दिवस थांबायचं. म्हणून साकवाची, वहाळावरच्या छोट्या पुलाची, मागणी होती ती वाडीची, वर्षानुवर्षांची. सरकारी माणसं येऊन मोजणीही करून गेली होती. आंब्याच्या उताराला दोन्ही काठांवर दगडांना चुना फासून खुणा केल्या होत्या. गणूकाका, माझ्या मैत्रिणीचे वडील, दर दिवाळीत त्या दगडांना पुन्हा चुना लावायचे. माझी मैत्रीण सुमन हसायची, "आमचं तुळशीवृंदावनच ते." सुमन आणि मी कापड्यापर्यंत एकत्र चालत जाऊन पुढे एस्टीनं पोलादपूरला जायचो. पावसात तिचे दिवस बुडत, आणि बुडता बुडता एक वर्षच बुडालं. मी बारावी झाले, ती राहिली.

त्या माघात जीप आली. भोंग्याचा आवाज डोंगरावर आपटून परत यायचा, त्यामुळे प्रत्येक घोषणा दोनदा ऐकू येई. उमेदवार आमच्याच ओट्यावर बसले. सगळे त्यांना साहेब म्हणत होते, मीही इथं तेच म्हणते. आईनं घावणे आणि ओल्या नारळाचा रस केला होता. साहेबांनी मिटक्या मारत खाल्लं, हात धुतले आणि तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तात्या, मी गोड बोलणारा माणूस नाही. जे गाव एकगठ्ठा देईल, त्या गावाला साकव. या डोंगरात एकच साकव मंजूर होणार आहे. कुठं बांधायचा ते मी ठरवणार."

"वाडीच्या उताराची मोजनी झालीय साहेब," आप्पा खांबाला टेकून उभे होते, तिथूनच म्हणाले.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "वाडी त्या मास्तरांच्या मागं आहे, असं ऐकतो," एवढंच ते म्हणाले. त्यांच्याविरुद्ध उभे होते ते एक निवृत्त मास्तर. वाडीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी शिकवलं होतं, आणि वाडी ते लपवीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी देवळात गावकी भरली. बायकांना आत जागा नव्हती. मी आणि आई बाहेर पाराजवळ शेणी गोळा करायच्या निमित्तानं उभ्या होतो. तात्यांनी देवापुढे नारळ ठेवला आणि एकेकानं त्यावर हात ठेवून सांगायचं ठरलं, की गाव म्हणेल तिकडे मत. माणसं पुढे जात होती, हात ठेवून मागे येत होती. आप्पांची पाळी आली तेव्हा ते उठलेच नाहीत.

"मत माझं हाय," ते म्हणाले. "देवाच्या पायाशी ठेवून दुसऱ्याच्या हातात कसं देऊ? आनी तो साकव वाडीचा हाय. सगळ्यांना ठावं हाय."

"गाव बुडवतोस काय?" तात्या म्हणाले.

"गाव वहाळाच्या वर हाय दादा. कशानं बुडंल?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आप्पा चपला घालून आमच्यासमोरून निघून गेले. आई त्यांच्यामागं गेली नाही. ती शेणी गोळा करत राहिली, आणि मला आठवतं, गरज होती त्याहून कितीतरी जास्त तिनं टोपलीत भरल्या.

आईला साकव हवा होता. हे मी तेव्हाच जाणून होते. डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्या दगडांवरून यायचं म्हणजे काय ते आप्पांना किंवा तात्यांना ठाऊक नव्हतं. भारे बायका आणत. आदल्या पावसात आई भाऱ्यासकट पाण्यात बसली होती, कमरेला मार लागला होता, आणि दोन महिने ती वाकून चालायची. घरी ती भाकरी थापता थापता म्हणाली, "कुनाच्या का नावानं होईना. होऊ दे बाय." मी म्हटलं, "आये, सुमनच्या वाडीचं काय?" तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "त्यांना पुढच्या टायमाला मिळंल." ती भाकरी जाड झाली होती.

मतदान शाळेत झालं. आईनं आत जाऊन शिक्का मारला आणि ती इतक्या झटकन बाहेर आली की मला वाटलं काहीतरी चुकलं म्हणून परत पाठवली. आप्पांनी मास्तरांना मत दिलं आणि तसं सगळ्यांना सांगितलं. साहेब निवडून आले. तात्यांनी देवळात सांज्याचा प्रसाद केला, काजू घालून. आप्पांनी तो घेतला नाही. आईनं पानावर घेतला आणि तसाच झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी मीच तो खाल्ला, गार झालेला आणि गोड.

शिमगा झाल्यावर ट्रक आले. सरकारी काम इतकं झपाझप होताना आमच्या खोऱ्यात कुणी पाहिलं नव्हतं. देवळाखालच्या उताराला खांब उभे राहिले, वर फरशी पडली, आणि पावसाच्या तोंडावर साकव तयार झाला. तिकडे आंब्याच्या उतारावर चुन्याचे दगड तसेच. त्या दिवसांत सुमन मला वाटेत भेटली. ती नेहमीसारखी बोलली, कैऱ्यांचं, कुणाच्या तरी लग्नाचं. मी साकवाचा विषय काढला नाही, तिनंही काढला नाही. निरोप घेताना मात्र म्हणाली, "आबा या दिवाळीला चुना नाय लावायचे म्हंतात." आबा म्हणजे तिचे वडील.

आप्पांनी जाहीर केलं की आपण त्या साकवावर पाय ठेवणार नाही. आणि ते खरंच ठेवीत नसत. शेजारून दगडांवरून पाण्यात पाय टाकत जायचे, आणि साकवावर उभी राहून पोरं बघायची. गावात हसू झालं. आईला लाज वाटायची. पण आषाढात लावणी आली, पाणी वाढलं, चिखलणीला बैल पलीकडे न्यायचे होते. आप्पा सकाळी वहाळाच्या काठावर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी बैल साकवावर घातले. पुढे लावणी संपेपर्यंत ते रोज तसेच गेले. त्यावर घरात कुणी एक शब्द काढला नाही. तात्यांनीही नाही.

हे लिहिता लिहिता मी मघाशी उठून गॅलरीत जाऊन आले. हल्ली मी महाडला राहते, शाळेतून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. परवाच्या निवडणुकीला माझ्या थोरल्या भावाचा नातू मुंबईहून आला होता; भाऊ माझ्या लहानपणीच कामाला मुंबईला गेला होता. निकाल त्याच्या मनासारखा लागला नाही. तो मोबाईल बाजूला ठेवून म्हणाला, "आजी, मी तर नोटा दाबला. आता देशाचं जे होईल त्याच्याशी आपला काही संबंध नाही. ज्यांनी वोट केलं त्यांनी बघावं." मी उठले. चहा केला, त्याला दिला. पण तेव्हापासून माझं मन एका जागी बसत नाही. रस्त्यानं जाताना, भाजी घेताना, मला तो वहाळाचा काठ दिसतो. म्हणून शेवटी हे लिहायला घेतलं.

त्याच पावसाळ्यात, लावणी संपल्यावर, एका सकाळी आम्ही पेज पीत होतो. सोबत सुकट भाजली होती, घरभर तिचा वास. बाहेर पाऊस असा की समोरचं घर दिसत नव्हतं. वाडीतली दोन तरणी पोरं ओट्यावर येऊन उभी राहिली. अंग काट्यांनी ओरबाडलेलं, गुडघे फुटलेले. गणूकाकांना पहाटे गोठ्यात फुरसं चावलं होतं. पाय मांडीपर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. डोलीत घालून त्यांना आंब्याच्या उतारावर आणलं होतं आणि पाणी पार होऊ देत नव्हतं. ही पोरं कड्याच्या पोटातून, जुन्या बंद वाटेनं, काट्यांतून सरपटत साकवापर्यंत आली होती. तिकडून डोली आणायची सोयच नव्हती, असं त्यांनी सांगितलं.

सगळं गाव धावलं. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढे काहीही बोललं गेलं तरी त्या दिवशी गाव घरात बसलं नाही. तात्या स्वतः विहिरीचा दोर खांद्यावर घेऊन आले. कापड्याला जीप सांगायला माणूस गेला. आम्ही आंब्याच्या उताराच्या अलीकडे, वाडी पलीकडे. मध्ये ते पिवळं पाणी. पाण्यातून झाडं वाहत येत होती. अंतर एवढं कमी की मला सुमनच्या कपाळावरचं विस्कटलेलं कुंकू दिसत होतं, आणि आवाज एवढा की ती ओरडत होती ते ऐकू येत नव्हतं. तिचं फक्त तोंड हलताना दिसत होतं. डोलीवर घोंगडी टाकली होती. सुमनची आई तिच्यावर वाकून उभी होती, पाऊस स्वतःच्या पाठीवर घेत.

दोर फेकला, तो पोचला नाही. पुन्हा फेकला, पुन्हा नाही. आप्पा कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले. चार पावलांत पाण्यानं त्यांना उचललं आणि तात्यांनी आणि आणखी कुणीकुणी ओढून बाहेर काढलं. त्यांच्या कपाळातून रक्त येत होतं. ते पुन्हा उतरायला निघाले तेव्हा तात्यांनी त्यांना दोन्ही हातांनी मागून धरलं. दोघे भाऊ तसेच, एकमेकांना धरून, कितीतरी वेळ उभे होते. कुणी काही करू शकत नव्हतं आणि कुणी घरीही जात नव्हतं. आई माझ्या शेजारी होती. ती एका जागी उभी नव्हती. काठानं वर जायची, खाली यायची, पुन्हा वर जायची. चुन्याच्या एका दगडापाशी तिचा पाय अडखळला. तिनं खाली वाकून बघितलं आणि तिथंच थांबली.

पाणी उतरलं ते दुपार कलल्यावर. डोली अलीकडे आली. गणूकाकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, ओळखलं असं मला वाटलं. पोलादपूरहून महाडला पुढे नेताना वाटेतच ते गेले.

दहाव्याला आम्ही सगळे वाडीवर गेलो. पाणी कमी होतं, तोच उतार सहज ओलांडला, आणि ते सहज ओलांडणंच सहन होत नव्हतं. लोक म्हणत होते, नशीब, वेळ आली होती. सुमन मला घरामागं घेऊन गेली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "तुझ्या आप्पांनी मास्तरांनाच मत दिलं, ठावं हाय आमाला. ते पान्यात उतरले ते पन मी बघितलं."

मी मान हलवली.

"पन शालू, साकव तुमच्याकडंच हाय ना?"

तिनं ते भांडायला म्हणून विचारलं नव्हतं. एखादी वस्तू कुठं ठेवलीय ते विचारावं तसं विचारलं.  मला मत नव्हतं, हे वाक्य तोंडाशी आलं होतं. मी ते बोलले नाही, कारण त्याच सकाळी मी साकवावरून गवत आणलं होतं, कोरड्या पायांनी.

घरी आल्यावर ते सगळं बाहेर पडलं. जेवणं व्हायची होती. तात्या झोपाळ्यावर बसले होते. गावात कुणीतरी त्यांना काहीतरी ऐकवलं असावं, कारण कुणी विचारलं नसताना तेच बोलायला लागले. "मी काय फुरशाला सांगितलं चाव म्हनून? मतपत्रिकेवर साकवाची जागा लिवली नव्हती. साहेबानं ठरवलं. त्याला जाऊन विचारा."

"मी देवळात बोललो होतो," आप्पा म्हणाले. कपाळाला त्यांच्या फडकं बांधलेलं होतं. "सगळ्यांसमोर बोललो होतो. माझे हात साफ हायत."

स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. आई दारात आली. दाराआड नाही, उंबऱ्यावर. पदर डोक्यावरून घसरला होता आणि तिनं तो सावरला नाही.

"मी मारला शिक्का," ती म्हणाली. "साकवासाठीच मारला. आनी तो कुनाचा हाय ते मला ठावं होतं. नारळावर माझा हात नव्हता, मला कुनी बोलावलं पन नव्हतं. पन शिक्का माझा मी मारला. साहेब काय आभाळातनं नाय पडला."

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिनं त्यांच्याशी समोरासमोर बोललेली ही पहिली वाक्यं.

मग ती आप्पांकडे वळली. "आनी तुमचे हात साफ, तर लावनीला बैल कुठनं नेलात?"

आप्पांचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता त्यावर. आधार सुटल्यावर माणूस जसा चाचपडतो तसे ते इकडेतिकडे बघत होते. "म्हंजे काय करायचं होतं मी?" ते हळूच म्हणाले. "साहेबाला मत दिलं नाय. बोललो. पान्यात उतरलो. आनखी काय करायचं?"

"मला काय ठावं," आई म्हणाली. "मला बसवत नाय, एवढंच ठावं हाय."

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. सकाळी उठून बघते तर आई नव्हती. इरलं नव्हतं आणि कोयताही नव्हता. मी शोधत गेले. साकव ओलांडून, आमच्या शेताच्या वर, कड्याच्या पायथ्याशी आमचं वरकस होतं, नाचणी घ्यायची उतरणीची जमीन. तिथूनच ती वाडीची जुनी वाट निघायची. वाडीची गुरं नाचणीत शिरतात म्हणून काही वर्षांपूर्वी तात्यांनी तिथं दगडांचा गडगा घालून वाट बंद केली होती. मागे करवंदीचं आणि घाणेरीचं रान माजलं होतं. पाठीवर इरलं घेतलेली आई वाकून त्या गडग्याचे दगड एकेक करून उतरवत होती. पावसात दगड निसटत होते.  मीही दगड उचलायला लागले. अंगात एवढी तगमग साचली होती की हाताला जड काहीतरी मिळालं याचंच बरं वाटलं.

तात्या आले ते दुपारी, छत्री घेऊन.  "गडगा माझा हाय," ते म्हणाले.

"व्हय," आई म्हणाली आणि पुढचा दगड उचलला.

"नाचनीतनं वाट दिली तर नाचनी राहील काय? वाडीची सगळी गुरं..."

"नाय राहनार."

"शालूच्या आय, एक वाट करून त्या सुमनचा बाप परत येनार हाय काय?"

त्यावर ती थांबली. पाठ सरळ केली, कमरेवर हात ठेवला, जिथं तिला मार लागला होता. "नाय येनार भावजी," ती म्हणाली. "पन वाडीत बाकीची मानसं हायत." आणि पुन्हा वाकली. तात्या उभे होते, मग निघून गेले. त्यांनी आम्हाला अडवलं नाही. हातही लावला नाही.

आप्पा आले ते दुसऱ्या दिवशी. खांद्यावर पहार होती.  गडग्याच्या बुडाशी जे मोठे धोंडे होते, आम्हा दोघींना न हलणारे, त्यांच्याखाली पहार घालून ते एकेक उलथवत गेले. पुढे रान तोडायला लागलो. एका सकाळी पाऊस उघडला असताना कोयत्याचा आवाज आला, आणि आमचे कोयते थांबले तरी तो थांबला नाही. तो पलीकडून येत होता. वाडीची माणसं त्यांच्या बाजूनं वाट तोडत येत होती. कुणी कुणाला निरोप दिला नव्हता. आमचा आवाज त्यांना ऐकू गेला असणार. कातळाच्या वळणावर दोन्हीकडची माणसं समोरासमोर आली तेव्हा सगळ्यांत पुढे सुमनची आई होती, मोकळ्या कपाळाची. आईनं कोयता खाली ठेवला.

"वाट झाली," सुमनची आई म्हणाली. मग म्हणाली, "पन वाट केली म्हनून फिटलं असं समजू नुको गो."

"नाय समजत," आई म्हणाली.

सुमनच्या आईनं कमरेचा सुपारीचा बटवा काढला आणि अर्धं खांड आईच्या हातावर ठेवलं. दोघी कातळावर टेकून ते चघळत बसल्या. बाकीचे आम्ही काटे ओढून बाजूला टाकत होतो.

त्या वर्षी नाचणी हाती लागली नाही. दिवाळीनंतर तात्यांनी चूल वेगळी केली. भांडण करून नव्हे, नुसतंच एक दिवस त्यांनी ओटीच्या कडेला तीन दगड मांडले आणि स्वतःचा भात स्वतः शिजवायला लागले. आईनं कालवण पाठवलं की ठेवून घ्यायचे. साहेब एकदा वाडीवर येऊन गेले आणि दुसऱ्या साकवाचा शब्द देऊन गेले. तो साकव आंब्याच्या उताराला झाला, पण तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. दरम्यान वाडीतल्या बाळंतिणी, आजारी माणसं, शाळेची पोरं सगळी आमच्या वरकसातल्या वाटेनं येत राहिली. लांबची वाट होती, पण होती. सुमन लग्न होऊन नाते गावाला गेली ती त्याच वाटेनं. आप्पा शेवटपर्यंत त्या वाटेची डागडुजी दर पावसाआधी करायचे, आणि कुणी त्यांचं कौतुक केलं की उठून जायचे.

पुढची निवडणूक आली तेव्हा मला मत मिळालं होतं. प्रशिक्षण संपवून मी नाते गावच्या शाळेत लागले होते, मतदानापुरती घरी आले. या खेपेला देवळात नारळ ठेवला गेला नाही. ठेवू नका असं कुणी म्हणालं नाही, ठेवायला कुणी पुढे आलं नाही इतकंच. शाळेत रांग होती. माझ्यापुढे आई. बोटाला शाई लावून, मतपत्रिका आणि शिक्का घेऊन ती पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली. गेली ती बाहेरच येईना. रांगेतले लोक एकमेकांकडे बघू लागले. साहेबांचा माणूस आणि विरोधातला माणूस, दोघेही खुर्चीवर चुळबुळायला लागले. शेवटी मतदान अधिकारी उठले आणि लांबूनच म्हणाले, "काय हो बाई, शिक्का उमटत नाही का?"

"उमटतोय," आतून आईचा आवाज आला. "जरा थांबा."

ती बाहेर आली, घडी केलेला कागद पेटीत टाकला. दाराशी तात्या उभे होते, ते आता थकले होते. त्यांनी विचारलं, "एवढा काय वेळ गो? मागल्या टायमाला तर गेलीस तशी आलीस."

आईनं बोटावरची शाई पदराला लागू नये म्हणून हात बाजूला धरला होता. "तेव्हा ठावं नव्हतं भावजी," ती म्हणाली, "पाच वरसं झोपायचं हाय त्या शिक्क्यावर."

माझं नाव पुकारलं गेलं. मी आत गेले, आडोशामागं उभी राहिले, कागद उलगडला, आणि माझाही हात लवकर खाली येईना.